पाहुण्यांसाठी लावलेला पडदा

अनुदान देणाऱ्या निधीच्या मॅडम पाहणीला येण्याआधी थोडं झाडून घ्यावं म्हणून मी वरच्या खोलीचं दार उघडलं, तर खोली मला ओळखूच येईना.

जमिनीवर गालिचा, कडेने गुबगुबीत खुर्च्या, कोपऱ्यात झाडाची कुंडी. आणि उजवीकडच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत जांभळा मखमली पडदा. स्टुलावर उभ्या राहून आमच्या वहिनी त्याच्या चुण्या सारख्या करत होत्या. खाली त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे.

"वहिनी, हे काय?"

"पाहुणे यायचेत ना? खुर्च्या दातांच्या डॉक्टरांच्या. पेशंट उभे राहतील म्हणाले तासभर. तोंड उघडायला उभं राहिलं तरी चालतं."

"अहो, पण अर्जात मी—"

"अर्जात काय ते तुमचं तुम्ही लिहा, भाऊजी. आलेल्या माणसाला फुगलेल्या भिंतीपुढे बसवायचं नसतं. आपली अब्रू आपणच झाकायची असते."

त्या भिंतीसाठीच तर सगळा खटाटोप होता. शाळेत मागे पडलेली मुलं या खोलीत माझ्याकडे वाचायला, हिशेब शिकायला येतात. वरची टाकी गळून गळून भिंतीत ओल मुरली होती, गिलावा सुटला होता आणि आतली जुनी वायर उघडी पडली होती. ती बंद केली तर अख्खी खोली अंधारात. म्हणून भिंतीपासून दोन हात अंतरावर मी खडूने रेघ ओढली होती. नवं मूल आलं की आधी ती रेघ शिकायची, मग अक्षरं. घरमालक भला माणूस, खोलीचं भाडं घेत नाही. पण त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेर दुरुस्ती झाली नाही तर मी कुलूप घालणार. उद्या एखादं पोर चिकटलं तर कुणाला तोंड दाखवू?" त्याचं काही चुकत नव्हतं.

शहरातल्या लोकांनी वर्गणीतून हा निधी उभा केला आहे. लहान कामांना त्यातून अनुदान मिळतं. या खेपेला शेवटचे दोन अर्ज उरले होते, आमचा आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांसाठी उतार बांधणाऱ्या एका मंडळाचा. मिळणार एकालाच.

"पडदा काढा, वहिनी," मी म्हणालो. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

मॅडम वेळेआधीच आल्या होत्या. मागोमाग मुलंही आली आणि खुर्च्या बघून दारातच थबकली. आमच्यातली सर्वांत लहान चिंगी कुजबुजली, "आजोबा, चपला कुठे काढायच्या? हे कुणाचं घर आहे?"

"आपलंच. बस," मी म्हणालो. मुलं खुर्च्यांच्या अगदी कडेवर टेकली. आता पडतात की मग पडतात.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. हातातल्या अर्जाकडे पाहिलं. पुन्हा खोलीकडे.

"छान ठेवलीय खोली."

"पसारा आवडत नाही आम्हाला," वहिनी म्हणाल्या.

"अर्जात लिहिलंय, मुलं जमिनीवर बसतात, म्हणून खुर्च्याही हव्यात."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी कुंडीकडे पाहिलं. खरं सांगावं तर पाहुणीसमोर वहिनींची फजिती. न सांगावं तर मी खोटा, आणि खोटा माणूस अर्ज करतो तेव्हा त्याच्या भिंतीची ओलसुद्धा खोटी ठरते. वर्गात मुलाने चुकीचं उत्तर दिलं की मी थांबतो, त्याला पुन्हा विचार करू देतो. त्या दिवशी मला कुणी थांबायला देत नव्हतं.

"बसतात," मी म्हणालो. "म्हणजे... एरवी."

"एरवी." मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "आज उकडतंय बाई इथे. ती खिडकी उघडू का?"

तिथे खिडकी नव्हतीच. पडदा पाहून कुणालाही खिडकीच वाटली असती. रेघ गालिच्याखाली गेली होती. मॅडम दोन पावलं टाकून पडद्याशी पोचल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"तिकडे नाही!"

मी नाही ओरडलो. सगळी मुलं एका सुरात ओरडली. चिंगीने तर खुर्चीवरून उडी मारून मॅडमची ओढणीच धरली.

मी जिन्यातलं मेन बटण बंद केलं, परत आलो आणि पडदा एका बाजूला सारला. पोपडे जांभळ्या मखमलीला चिकटून आले. काळपट डाग, बाहेर लोंबणारी वायर, आणि खोलीत अंधार.

मॅडमनी पुढे केलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे अर्ज खरा," त्या म्हणाल्या, "आणि खोली खोटी."

"खोली आम्ही आज सकाळी—" मी म्हणू लागलो.

"आम्ही नाही, मी," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "यांना ठाऊकही नव्हतं. खुर्च्या मागून आणल्यात."

"मला दोन्ही लिहावं लागेल. आधी काय पाहिलं आणि नंतर काय."

"लिहा," मी म्हणालो.

मुलांनी खुर्च्या खाली पोचवल्या, गालिचा गुंडाळला. दाराजवळच्या उजेडात आम्ही जमिनीवर बसून भागाकार केले. मॅडम पायरीवर टेकून पाहत राहिल्या, मग निघून गेल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. समितीत वाद झाला, असं कानावर आलं. ज्यांनी एकदा झाकलं ते पैसेही झाकतील, असं कुणीतरी म्हणालं. घरमालकाने नवं कुलूप आणून मला दाखवलं. मुलं विचारायची, "आजोबा, आपण कुठे जायचं?" वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या.

शेवटी फोन आला. भिंत आणि वायर मंजूर. खुर्च्या नामंजूर. उताराच्या मंडळाला पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि ते ऐकून मला नीट आनंदही होईना.

मी खाली दुकानात गेलो. वहिनी मशीनवर होत्या.

"मंजूर झालं, वहिनी."

मशीन थांबलं नाही. "कळलं. गवंड्याला सांगा, जिन्यात माती सांडू नकोस म्हणावं. लोक येतात-जातात."

"सांगतो."

"आणि भाऊजी, मला विचारून सारायला हवा होता तो पडदा."

"मुलांचा जीव—"

"पडदा सारलात तो बटण बंद केल्यावर ना?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "तेव्हा काय घाई होती?"

त्यांनी पुढचं कापड मशीनखाली घेतलं.