झुंबरबाईचं तूप

सदुसष्ट सालच्या जून महिन्याच्या शेवटी वामनराव लहाने यांच्या घरात तुपाची एक विसरलेली बरणी सापडली. शालूबाई, त्यांची बायको, फडताळ आवरत होती. लोणच्याच्या मोठ्या बरणीमागे ही बरणी दडून राहिली होती. झाकण काढून तिनं वास घेतला आणि नवऱ्याला हाक मारली.

"पाहा बरं, दिवाळीचं हाय हे. सात महिने झाले. कालच कढवल्यासारखं वाटून राह्यलं."

वामनरावांनी बोट बुडवून चाखलं. रवाळ, पिवळसर, वास ताजा. शालूबाई खूश झाली, पण वामनरावांच्या कपाळाला आठी पडली. ते संग्रामपूरच्या हायस्कूलात विज्ञान शिकवत. मूळचे जानेफळचे. तिकडे त्यांच्या घरचं तूप होळीपर्यंत जेमतेम टिकायचं, मग दिव्यालाच लागायचं. इथं तर पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे काढून हे तूप जसंच्या तसं होतं.

"कोणाचं हे?"

"झुंबरबाईचं. सोनाळ्याच्या. बाजाराले येते ना ती."

संध्याकाळी किराणा आणायला गेले तेव्हा त्यांनी गुलाबराव दुकानदाराजवळ सहज विषय काढला. गुलाबराव स्वतःही तूप विकायचा. वजन करता करता तो हसला.

"सर, तुमी तर शिकलेले. गाईचं तूप उन्हाळ्यात खवट होतेच. होत नाही ते कोणतं? डब्यातलं वनस्पती. आता मी काही बोलत नाही. मीही तूप विकतो, लोक म्हणतील जळते हा."

बोलत नाही म्हणत तो बोलला होता, आणि वामनरावांच्या डोक्यात ते रुतून बसलं.

पुढच्या बाजारी ते झुंबरबाईसमोर जाऊन उभे राहिले. पन्नाशीची, उंच, काळीसावळी बाई. नवरा शालिग्राम पानमळा करायचा. घरी चार गाई. पितळेची चरवी समोर ठेवून, वर ओलं फडकं टाकून ती लिंबाखाली बसायची. तिच्यापुढे गिऱ्हाईक नेहमी असायचं. बाजूच्या दोन तूपवाल्या मात्र माशा वारत बसलेल्या.

"तुमचं तूप खराब काऊन होत नाही, बाई?"

"हातगुण समजा," ती हसून म्हणाली.

"हातगुणानं काय होते? काही टाकता का त्याच्यात?"

तिचं हसू थांबलं. आजूबाजूला बसलेल्या दोघींकडे तिनं एक नजर टाकली.

"माह्या सासूनं दाखवलं तसं करते, सर. ते भर बाजारात सांगाचं नसते."

ती सांगत नाही, याचा अर्थ वामनरावांनी एकच लावला. रविवारी ते कुणाला न सांगता एस.टी.नं सोनाळ्याला गेले. एका विद्यार्थ्याच्या बापाला भेटायचं निमित्त होतं. शालिग्रामच्या घरावरून दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला ओसरीत त्यांना वनस्पती तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा दिसला. डब्यावरचं चित्र पुसट झालं होतं. त्या दिवसांत असे डबे घरोघर असत. कुणी धान्य ठेवी, कुणी पाणी भरी. वामनरावांच्या स्वतःच्या न्हाणीघरात एक होता. पण तेव्हा ते त्यांना आठवलं नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लाची बाटली होती. सरकारच्या नियमानं वनस्पती तुपात तिळाचं तेल घालावंच लागे, अशासाठी की भेसळ पकडता यावी. वितळलेलं तूप, तेवढंच तीव्र आम्ल, चिमूटभर साखर. हलवायचं आणि थांबायचं. खाली बसलेलं आम्ल किरमिजी झालं तर तिळाचं तेल आहे, म्हणजेच वनस्पती आहे.

जब्बार हा प्रयोगशाळेचा शिपाई. केस पिकलेले, पंचवीस वर्षांची नोकरी. त्यानं परीक्षानळी धुऊन दिली. वामनरावांनी घरच्या बरणीतलं तूप, आम्ल आणि साखर घालून नळी हलवली आणि उजेडाकडे धरली. खालचा थर लाल झाला. पुस्तकात किरमिजी म्हटलं होतं. हा रंग थोडा विटकरीकडे झुकत होता. वामनरावांना तो किरमिजीच दिसला.

"पाह्यलं, जब्बारभाई?"

जब्बारनं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सर, पोरांच्या प्रयोगाले आपण नेहमी दोन नळ्या ठेवतो. एक तशीच, बिनसाखरेची. ती नाही लावाची?"

"कशाला? दिसतेच आहे."

जब्बार स्टँड पुसू लागला.

वामनरावांनी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली, एवढंच. पण तिथून ती निघाली आणि बाजाराच्या आधी बाजारात पोचली.

बाजाराच्या दिवशी झुंबरबाई येऊन बसली तर लिंबाखाली गिऱ्हाईक नव्हतं, गर्दी होती. सरस्वतीबाई नावाची तिची जुनी गिऱ्हाईक पुढे झाली. तिच्या लेकीचं बाळंतपण याच तुपावर झालं होतं.

"माह्या बाळंतणीले डब्यातलं चारलं व तू? काऊन केलं असं?"

"कोण म्हणते?"

"मास्तरानं नळीत पाह्यलं. लाल झालं म्हणे."

झुंबरबाईनं गर्दीत वामनरावांना शोधून काढलं. ते गुलाबरावच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. तेवढ्यात कुणाचा तरी पाय चरवीला लागला, की कुणी मुद्दाम लावला, हे कधीच कळलं नाही. चरवी कलंडली. तूप मातीत पसरलं आणि उन्हानं लगेच पातळ झालं. ती ते भरायला वाकली नाही. चरवी उचलली, फडक्यानं काठ पुसला आणि पायरीपर्यंत चालत आली.

"सर, तुमच्या नळीत काय दिसलं ते मले माहीत नाही. मी तुपात काय टाकते ते मले माहीत हाय. मले विचारलं असतं घरी येऊन, तर सांगतलं असतं."

रिकामी चरवी घेऊन ती गेली.

घरी शालूबाईनं त्यांना जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. "मी तुमाले खूश होऊन बरणी दाखवली होती," एवढंच म्हणाली.

चार दिवस वामनरावांनी स्वतःला समजावलं. समाजाचं भलंच केलं, लोक फसत होते. पाचव्या दिवशी नववीचा वर्ग प्रयोगशाळेत आला. स्टार्च ओळखायचा प्रयोग होता. नेहमीप्रमाणे त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'नळी एक, नळी दोन', आणि खडू हातात तसाच राहिला. दुसऱ्या नळीशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही, हे ते दरवर्षी पोरांना घोकायला लावत.

वर्ग सुटल्यावर त्यांनी घरून आणलेल्या बरणीतलं थोडं तूप काढलं. जब्बारनं न सांगता दोन नळ्या पुढे ठेवल्या. एकीत साखर, दुसरीत नाही. दोन्हीत आम्ल. दोन्ही लाल झाल्या, सारख्याच, विटकरी.

"म्हणजे साखरेचा काही संबंध नाही," जब्बार म्हणाला.

"नाही." वामनराव स्टुलावर बसले. तिळाचं तेल असतं तर साखरेशिवाय लाली आली नसती. तुपातच असं काहीतरी होतं जे नुसत्या आम्लानं लाल होत होतं. वनस्पतीचा पुरावा म्हणून त्यांच्या हाती काहीच नव्हतं. पण मग काय होतं? मनातला संशय अजून गेला नव्हता. रंग असेल, कसलं औषध असेल. आता मात्र त्याला दुसरी बाजू फुटली होती: आपण चुकलो असू तर?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते सोनाळ्याला गेले. शालिग्राम पानमळ्याच्या तोंडाशीच भेटला. मागे शेवरीच्या सावलीत नागवेली चढलेल्या, खाली ओलावा. वामनराव आत पाऊल टाकणार तोच त्यानं हात आडवा केला.

"चपला काढा. मळ्यात चपला चालत नाही." मग त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाला, "आता काय तपासाचं राह्यलं? पानं?"

"झुंबरबाईला भेटायचं आहे. माझं चुकलं असं वाटते."

"वाटते?"

"चुकलं."

शालिग्रामनं त्यांना घरी नेलं. तो ओसरीतला पत्र्याचा डबा आता पाण्यानं भरलेला होता आणि त्यात विड्याची पानं उभी करून ठेवली होती. झुंबरबाई चुलीपाशी होती. लोणी कढत होतं. तिनं मान वर केली, बसा म्हणाली नाही. वामनरावांनी उभ्यानंच दोन नळ्यांची हकीकत सांगितली. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली.

मग ती उठली. डब्यातली चार पानं घेऊन पुसून कोरडी केली, हातानं फाडली आणि कढत्या लोण्यात टाकली. चर्र आवाज झाला. कोनाड्यातून हळकुंडाचा ठेचलेला तुकडा घेतला, तोही टाकला.

"हे टाकते. आणखी तळाची बेरी लवकर गाळत नाही. तांबूस होऊ देते, दोन दिवस तुपाखालीच राहू देते. माह्या सासूची सासू असंच करे. बस, एवढंच हाय."

वामनराव हळकुंडाकडे बघत राहिले. हळद साबणानं लाल होते तशीच तीव्र आम्लातही होते, हे त्यांना माहीत होतं. विद्यार्थ्यांना ते स्वतःच दाखवत.

"बाई, मी बाजारात सर्वांसमोर सांगतो."

"सांगा. पण एक विचारू? बाजारात तीन तूपवाल्या बसतात. गुलाबराव विकतो. तुमी माह्यं एकटीचंच काऊन तपासलं?"

 चांगलं होतं म्हणून, हे खरं उत्तर होतं आणि ते तोंडातून निघेना.

पुढच्या बाजारी वामनराव आणि जब्बार लिंबाखाली टेबल टाकून उभे राहिले. झुंबरबाई आली, पण चरवी न घेता. वामनरावांनी मोठ्यानं आपली चूक सांगितली. घरच्या बरणीत शिल्लक असलेल्या तिच्या तुपाच्या दोन नळ्या करून दाखवल्या. मग साध्या तुपात हळद कालवून तीही आम्लात लाल करून दाखवली. बाजूच्या दोघींनी आपलं तूप तपासायला दिलं. त्यात रंग आला नाही.

"आता गुलाबरावचं," झुंबरबाई म्हणाली.

गुलाबरावनं दुकानातूनच हात हलवला. "आज माल शिल्लक नाही. संपला."

सकाळीच शालूबाईनं त्याच्या दुकानात तुपाचे दोन डबे मांडलेले पाहिले होते. ते कुठे गेले, कुणी विचारलं नाही. वामनरावांनीही नाही, पुराव्याशिवाय बोलायची त्यांची हिंमत आता संपली होती.

सरस्वतीबाई पुढे आली, झुंबरबाईचा हात धरला आणि रडली. पण पांगणाऱ्या गर्दीतून एक आवाज वामनरावांनी स्पष्ट ऐकला. "मास्तरच्या घरी किती किलो पोचलं असंल बे?" दुसरा कुणी हसला. महिनाभर ते हसू त्यांना शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येत राहिलं.

झुंबरबाई नंतर संग्रामपूरच्या बाजाराला बसली नाही. तिचं तूप अकोटकडे जाऊ लागलं.

वामनरावांनी पुढच्या उन्हाळ्यात चार बरण्या मांडल्या. एक साधी, एक पानाची, एक हळदीची, एकीत बेरी तळाशी तशीच. चारही प्रयोगशाळेच्या खिडकीत. साधी अडीच महिन्यांत खवट झाली. बाकीच्यांना जब्बारनं पावसाळाभर रोज हुंगलं, त्यांचा वास ताजाच राहिला. ही नोंद त्यांनी नागपूरला एका ओळखीच्या प्राध्यापकांना पाठवली. प्राध्यापकांचं उत्तर आणि घरची रिकामी बरणी घेऊन वामनराव सोनाळ्याला गेले आणि झुंबरबाईला ओसरीत वाचून दाखवलं. तूप हवेतल्या प्राणवायूनं खवट होतं. पानातला आणि हळदीतला अर्क तो मारा आधी स्वतःवर घेतो. बेरीत दुधाच्या प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. तेही काही अंशी राखण करत असावेत, पण त्यावर अजून पुष्कळ काम व्हायचं आहे. माणसाच्या शरीरातही असंच काही चालतं का, हे काही लोक शोधताहेत.

"म्हणजे पान आधी खराब होते, तूप मागून."

"हो. तसंच."

"अन् ज्यानं हे लिहिलं तो माह्यं नाव लिहीन का कोठी?"

वामनरावांनी पत्र पुन्हा पाहिलं. त्यात तिचं नाव नव्हतं. त्यांनी स्वतःच आपल्या नोंदीत ते कळवलं नव्हतं. 'सोनाळ्याकडील एक घरगुती पद्धत', असं लिहिलं होतं.

"मी लिहून कळवतो," ते म्हणाले.

"झुंबरबाई शालिग्राम. सोनाळा," तिनं सांगितलं, आणि ते लिहून घेईपर्यंत त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहत उभी राहिली. त्यांनी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेऊन शालिग्रामला दिला.

"वाच बरं, बरोबर लिहिलं का."

शालिग्रामनं एकेक अक्षर लावत वाचलं आणि मान हलवली. मग तिनं वामनरावांची बरणी तूप भरायला आत नेली.