बीबी म्हणजे कोण?

२०२३ साल होतं ते. मस्कतच्या शाळांना सुट्टी लागली आणि शिरीषने रूवीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीकडून टांझानियातल्या उसांबारा डोंगरातली चार दिवसांची पायी सहल ठरवली. बरोबर बायको नूतन, नऊ वर्षांची इरा आणि एकाहत्तर वर्षांची आई, जयवंतीबाई.

वाटाड्या किमवेरी, तिशीचा. दाट रान, उतारावर कोबीचे वाफे, रात्री कुणा गावकऱ्याकडे, एकदा खुद्द किमवेरीच्या घरी मुक्काम. दुसऱ्या दिवशी जयवंतीबाईंचा गुडघा सुजला. किमवेरीने फांदी तोडून काठी करून दिली, हात धरला आणि म्हणाला, "बीबी, पोले पोले."

आजी, हळूहळू. जयवंतीबाईंना भरून आलं. पंच्याहत्तर साली लग्न होऊन त्या मस्कतच्या मत्रह भागात आल्या, तेव्हा शेजारी झांजिबारहून आलेली नूरबानू होती. तिची नातवंडं तिला अशीच बीबी म्हणायची. तिच्या स्वाहिली भाषेतले दहा-बारा शब्द जयवंतीबाईंच्या पदरात राहिले होते. उरलेली वाट त्या किमवेरीच्या हाताला धरूनच चालल्या.

मस्कतला परतून दहा दिवस झाले असतील. चहाच्या वेळी शिरीष मोबाइल नाचवत आला.

"आई, त्या गाइडला काढला कंपनीने. खलास! मी कंप्लेंट केली होती."

"कसली?"

"चारचौघांत तुला बीबी म्हणत होता. बायको! वर हात धरून!"

जयवंतीबाईंनी कप आपटला. "अरे शहाण्या, बीबी म्हणजे आजी! ती काय तुझी हिंदी वाटली?"

शिरीषचा चेहरा पडला. "तुला लाज वाटेल म्हणून विचारलं नाही."

"लाज आत्ता वाटतेय. तुझी! त्याच्या घरी जेवलास, आईला त्याच्या हाती सोपवलीस आणि घरी येऊन खाल्ल्या घरचे वासे मोजलेस?"

"मी म्हटलं होतं हो, आधी आईंना विचारा," नूतन पुटपुटली.

"लिहितो ना दुसरा मेल. उद्या, इन्शाल्ला."

"आत्ता. आणि चपला घाल, त्या ऑफिसात माझ्यासमोर वाचून दाखवायचास."

शिरीषने वाचला. मॅनेजर गोड हसला. "आंटी, नवीन माणूस घेतला आम्ही. पण बघू, इन्शाल्ला."

अठ्ठेचाळीस वर्षं जयवंतीबाई या देशात होत्या. कुठलं इन्शाल्ला होकाराचं आणि कुठलं दार लावून घेण्याचं, हे त्यांना कळत होतं. "माणूस परत घ्या, नाहीतर निदान कळवा त्याला, की चूक आमची होती," त्या म्हणाल्या. मॅनेजरने मान हलवली. केलं काहीच नाही.

शेवटी शिरीषनेच नंबर मिळवून फोन लावला आणि माफी मागितली. किमवेरीने आधी विचारलं ते बीबीच्या गुडघ्याचं.

कंपनीने त्याला परत घेतलं नाही. तो आता गावी कोबी पिकवतो. शिरीषची बदली सोहारला झाली, नूतनही तिकडेच आहे. जयवंतीबाई मस्कत सोडून गेल्या त्यांच्याबरोबर, काठी घेऊन. आणि इरा, जिला धड मराठी बोलता येत नाही, ती आजीला आता बीबीच म्हणते. बाप समोर असला, की जरा मोठ्याने.