उलट्या मनगटाची वाइन

मी चिनी मातीचा पेंग्विन बोलतोय, वाइन ओतायचा जग. पोटात लाल वाइन, चोचीतून धार. आर्जेंटिनातल्या सालता शहरात, नेलिदाबाईंच्या खाणावळीत माझं आयुष्य गेलं. माझा स्वभाव संशयी. कोण मला कसा धरतो, यावरून मी माणूस जोखतो.

बाहेरगावचे पाहुणे मला बघून हसायचे आणि वाइन चाखून पेला पुन्हा पुढे करायचे. एम्पानादा, म्हणजे आमची खिम्याची करंजी, काट्याने खाणाऱ्याच्या हातातून बाई काटाच काढून घ्यायच्या. सारणाचा रस कोपरापर्यंत ओघळलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

गेल्या हिवाळ्यात पाहुणे आटले. बाईंचा धाकटा भाऊ फेर्मिन खाणावळ विकायच्या मागे लागला. अशात तादेओ नावाचा एक परका रोज येऊन बसू लागला. भिंती न्याहाळायचा, स्वयंपाकघरात डोकवायचा. हे फेर्मिनने धाडलेलं गिऱ्हाईक, असं बाईंच्या मनाने घेतलं. माझ्या तर पहिल्याच दिवशी घेतलं होतं.

एके दुपारी त्याने बाईंना समोर बसवलं, मला उचललं आणि तळवा वर करून, मनगट बाहेर उलटवून त्यांच्या पेल्यात धार धरली. आमच्याकडे असं ओततो तो दगाबाज. पूर्वी अंगठीतलं विष असंच पाडत, म्हणतात.

बाईंनी पेला उपडा केला. "फेर्मिनला सांगा, ताई अजून मेली नाही. उठा."

"कोण फेर्मिन? बाई, हे मनगट मोडलं होतं, आत वळतच नाही. मी पर्यटकांना गाव दाखवतो, जेवायला नेतो. रोज बसभर माणसं तुमच्याकडे आणावीत म्हणून..."

"दाराकडे वळता येतं ना?"

दुसऱ्या दिवसापासून बस समोरच्या खाणावळीपाशी थांबू लागली. काचेतून तादेओ दिसायचा, तसाच उलट्या हाताने सगळ्यांना वाढताना. बाई एकदा फुटपाथपर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मला फार वाईट वाटलं.

वसंतात खाणावळ विकली गेली. किल्ल्या देऊन बाई मला रिकाम्यालाच कोटाखाली झाकून समोरच्या खाणावळीत घेऊन गेल्या. तादेओपुढे ठेवलं. "ओता. तुमच्याच हाताने."

त्याने माझ्यात तिथली वाइन भरली आणि तशीच उलट्या मनगटाने ओतली. बाईंनी एका दमात पेला संपवला. "बरी आहे. माझी चांगली होती," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आता मी इथेच असतो. बाई कुठे गेल्या, कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला भेटल्या तर एवढं सांगा, की तादेओने मालकाला सांगून इथल्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी एक चूल राखून ठेवलीय. त्यांची काही खबर आहे का, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज विचारतो. त्याच्यावर संशय घ्यायला आता मला काहीच सापडत नाही, आणि याचाच मला राग येतो.