उजव्या तळहातावरची चांदणी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली पाच टोकांची चांदणी. मित्रांनो, वस्तू आपली कहाणी सांगायला बसली की आधी आपलं कौतुक सांगते. मीही सांगणार आहे, खोड जाता जात नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी तोंड उघडलं, ती कौतुकाची नाही. ती आठवली की शाईच्या डबीत तोंड लपवावंसं वाटतं.

सीताबर्डीच्या एका बोळात, लग्नपत्रिका आणि नंबरप्लेटच्या दुकानांच्या मध्ये, मी घडलो. त्याच दिवशी माझी चार भावंडं तयार झाली: 'आवक', 'जावक', 'सत्यप्रत' आणि 'रद्द'. ती कचेऱ्यांमध्ये गेली. मला सिंधूताईंनी आपल्या बालवाडीत आणलं. वाटेत मी मनात म्हटलं, बिचारा 'रद्द'! आयुष्यभर लोकांना नाउमेद करणार. आपलं बरं आहे.

सिंधूताईंनी एका प्रशिक्षणात वहीत लिहून घेतलं होतं: मुलानं बरोबर केलं की लगेच शाबासकी द्या, म्हणजे ते पुन्हा तसंच करील. शाबासकी म्हणजे मी. हजेरी झाली की मुलं रांगेनं येत. ताईंची पट्टी तक्त्यावर टेके, मूल अक्षर म्हणे आणि मी त्याच्या तळहातावर उमटे. उजव्याच तळहातावर. "चांगली वस्तू उजव्या हातानंच घ्यायची असते, बाळा," असं ताई रोज म्हणत. हे वाक्य लक्षात ठेवा. माझा सगळा गुन्हा त्यात आहे.

सुरुवातीला फरक पडला, हे खरं. गप्प मुलं बोलू लागली. मी फुगलो. पण दारात उभ्या आया मुलाच्या चेहऱ्याआधी तळहात बघू लागल्या. मेघाची आई तर हाताचा फोटो काढून बालवाडीच्या ग्रुपवर टाकायची. बाकीच्या आया फोटोखाली पसंतीचे अंगठे टाकत आणि घरी जाऊन आपल्या पोराला विचारत, "काहून रे, तुयाच हात कोरा?" कोरा हात मूल चड्डीला पुसायचं, जणू घाणच लागली आहे. मी ते पाहत होतो, आणि मला माझा भाव वधारल्यासारखं वाटत होतं.

मुलंही पक्की झाली. गाणं म्हणा म्हटलं की आधी प्रश्न, "चांदणी देशीन काय?" मेघाला चांदणी मिळाली की दारापर्यंत जाईतो अक्षर हरवलेलं असायचं.

मागच्या हिवाळ्यात नीलाताई आल्या. रोज उमरेडहून एसटीनं यायच्या. नवीनच शिकून आलेल्या. म्हणाल्या, "बाई, मूल ऐकून कमी अन् हातानं जास्त शिकते. अन् त्याले जे आधी माहीत आहे, त्याच्यावरच नवीन बसते. 'क कमळाचा' कशाले? आपल्या पोरांनी कमळ पाहिलं काय? करिष्माचा क घ्या, मेघाचा म घ्या." समोरच्या बांधकामावरून त्यांनी घमेलंभर रेती मागून आणली. पाणी शिंपडून मुलं तिच्यात बोटानं अक्षरं काढू लागली, एकमेकांचं बोट धरून शिकवू लागली.

"मग माझी चांदणी?" सिंधूताईंनी विचारलं.

"राहू द्या न बाई, दोन्ही करू."

झालं. आधी मी, मग रेती. दोन शहाणपणं एका खोलीत गोडीनं नांदू लागली. ती दोन्ही एकाच तळहातावर येणार आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

करिष्मा सहाव्या वर्षात होती. बोलताना अडखळायची, म्हणून तिचा हात महिनोन्महिने कोराच. मार्चमधल्या एका सोमवारी नीलाताईंनी हळूच विचारलं, "तुया नावाचं पहिलं अक्षर कोणतं वं?" ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "क."

मी उमटलो. तिनं तळहाताकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

ती मूठ मंगळवारी उघडली नाही, बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. सगळी मुलं रेतीत आणि ही भिंतीशी, हात फ्रॉकच्या खिशात. डावा हात पुढे केला तर सिंधूताई रागावल्या. डाव्या हातानं बिस्कीट घेतलं तरी रागावल्या. का, ते खोलीत फक्त मला कळत होतं. ओली रेती मला पुसून टाकणार होती.

खरं सांगू, मित्रांनो? मला बरं वाटत होतं. इतकं जिवापाड मला कुणी जपलं नव्हतं.

शुक्रवारी जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी झाली. सिंधूताई म्हणाल्या, "करिष्माले आणखी एक वर्ष इथंच ठेवू. हट्टी आहे. शिकून नाही राहिली."

"बाई, तिनं क म्हटला होता."

"म्हटला. काढला काय?"

तिचे आजोबा धोंडबा सायकलवरून तिला न्यायला आले, तेव्हा त्यांना हे सांगितलं. मुलांच्या छोट्या खुर्चीवर ते कसेबसे टेकले. "मेघा जाईन अन् मी नाही?" करिष्मानं विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमाले वाटते तं ठेवा, बाई. पण हिच्या हाताले काय झालं, ते पाहा जरा. चार दिवस झाले, डाव्या हातानं जेवून राहिली. आंघोळीले उजव्या हातावर प्लास्टिकची पन्नी बांधून मागते. दवाखान्यात नेतो म्हटलं तं रडते."

सिंधूताई उकिडव्या बसल्या. एकेक बोट सोडवत त्यांनी मूठ उघडली. घामानं पांढरा पडलेला तळहात आणि त्यावर फिकट जांभळा मी. टोकं दोनच उरली होती.

"रेतीत घातला तं चांदणी जाईन न," करिष्मा म्हणाली.

नीलाताईंकडे न बघता सिंधूताई म्हणाल्या, "मीच सांगत होती न, चांगली वस्तू उजव्या हातानं घ्यायची. लिहायचा हातच बांधून टाकला मी पोरीचा."

त्यांनी मला उचललं, स्वतःच्या उजव्या तळहातावर जोरानं दाबलं आणि तो हात रेतीत खुपसून खसाखसा चोळला.

"पाहा वं. गेली काय?"

"गेली."

"आता मले 'सिं' काढता येते का नाही, ते पाहा." त्यांनी रेतीत काढला. "चांदणी गेली तरी हे राहते."

मग करिष्मानं हात घातला. क आला, पोट भलतं मोठं, काठी कलंडलेली. सवयीनं सिंधूताईंचा हात माझ्याकडे वळला, आणि वाटेतूनच परत गेला. त्याच रेतीच्या हातानं त्यांनी पहिलीच्या यादीत शेवटचं नाव लिहिलं, करिष्माचं.

माझी शाईची डबी आता वाळली आहे. मुलं खेळतात त्या ओल्या मातीच्या परातीत मी राहतो. कुणीही उचलतं, कुणीही दाबतं. मित्रांनो, एवढंच मागतो: मूल घरी आलं की त्याच्या हाताला काय मिळालं ते विचारू नका. हात कशात घातला होता, ते विचारा. आणि मळलेला असेल, तर हसा.

काल करिष्मानं मला उचललं. मला वाटलं, आता ही मला ओळखणार. लाजेनं मेल्यासारखं झालं. तिनं मला उलटं धरलं, चांदणी वर, आढ्याकडे. आणि माझ्या लाकडी मुठीच्या टोकानं मातीत सावकाश क काढला.