हंसवालीचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माणिकप्पांचं आडत दुकान आहे, त्याच्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. माझ्या नाकावर चांदीसारखा हंस बसवलेला आहे. म्हणून गावात मला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नाही, सगळे 'हंसवाली' म्हणतात. आज माझा रंग उडाला आहे आणि मागच्या सीटवर तुरीची रिकामी पोती पडलेली असतात. पण एके काळी मी मोंढ्यातून निघाले की चहावाला किटली हातात तशीच धरून बघत राहायचा.

माझा जन्म फार मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझ्यावर रंगाचे थर चढले, आतल्या गाद्यांना मऊ कातडं शिवलं गेलं आणि अगदी शेवटी समोर छोटे छोटे दिवे बसवले गेले. पांढऱ्या डगल्यातला एक माणूस एकेक दिवा लावून बघत होता. तेल कमी झालं की पिवळा, इंजिन तापलं की लाल. मला तोंड नाही, मित्रांनो. हे दिवे हीच माझी बोली. माझं एवढ्यावर भागेल असं मला तेव्हा वाटलं होतं.

माणिकप्पांनी मला हैदराबादेहून आणलं. त्यांची डाळ मिल होती, चार माणसांत मान होता आणि आयुष्यभर टेम्पोत बसून हाडं खिळखिळी झाली होती. शिवकांताबाईंनी माझ्या बोनेटवर विभूतीची बोटं ओढली, नारळ फोडला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता तरी हळू चालवा." माणिकप्पा लहान पोरासारखे हसले. त्या दिवसापासून ते मला स्वतःच चालवायचे, ड्रायव्हर कधी ठेवला नाही.

त्यांचे जिवाभावाचे स्नेही अनंतराव. कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक. स्वतःकडे एक स्कूटर, पण जगातल्या साऱ्या महागड्या मोटारींची माहिती तोंडपाठ. कोणती किती खपली, कोणती किती वेळा बंद पडली, सगळं. त्यांचा जीव दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर होता. तिच्या नाकावर ढाल होती. रोज संध्याकाळी आडतीच्या ओट्यावर बसून या दोघांचा वाद चालायचा आणि हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे ऐकायला थांबायचे.

"सर, देशात सगळ्यात जास्त हंसवालीच खपती," माणिकप्पा म्हणायचे. "मोंढ्यात जी तूर लई उठती तिच्यात कायतरी असंलच की. लोक काय येडे हायती का?"

"लोक वरची चकाकी बघतात," अनंतराव म्हणायचे. "तुम्ही डाळीला पॉलिश का करता?"

"पॉलिश केल्यावरच खपती, सर!"

"तेच म्हणतोय मी! खपणं वेगळं, टिकणं वेगळं. ढालवाली कमी खपते, पण एकदा घेतली की माणूस पंधरा वर्षं गॅरेजचं तोंड बघत नाही. तुमचा हंस टिकण्याच्या यादीत पार तळाला आहे."

मग ओटा हसायचा. माणिकप्पाही हसायचे, पण रात्री शेडचं दार ओढताना माझ्या छतावर हात ठेवून पुटपुटायचे, "सरांना एकदा दाखवू आपन." मला ते फार आवडायचं. कुणीतरी आपली बाजू घेतंय, याचं सुख मोटारीलाही होतं.

पुढं तो कोरडा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो. मिल अर्धी बंद होती. शिवकांताबाईंनी मला धुवायचं बंद केलं आणि मी धुळीनं मातकट झाले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. गल्लीत घागरींच्या रांगा लागलेल्या असताना चकचकीत दिसायची माझीच इच्छा नव्हती. ओट्यावर तेव्हा दुसराही एक विषय असायचा, उदगीर जिल्हा होणार की नाही. दर काही महिन्यांनी नवी बातमी यायची, आणि अनंतराव निवेदन घेऊन निघालेल्या मंडळींबरोबर जायचे. त्यांना त्यात स्वतःची एक निकड होती. त्यांच्या पत्नी सौदामिनीबाईंच्या किडन्या निकामी होत आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना लातूरला डायलिसिसला न्यावं लागे. जिल्हा झाला तर मोठा दवाखाना गावातच येईल, ही अनंतरावांची आशा होती.

त्याच दिवसांत माझ्या एका पाइपाला बारीक चीर पडली. इंजिन थंड ठेवणारं पाणी थेंब थेंब गळू लागलं, आणि मी लाल दिवा लावला.

माणिकप्पांनी तो पाहिला. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, बराच वेळ नुसते बघत राहिले. मला नीट दुरुस्त करायचं तर हैदराबादेला न्यायला हवं होतं, आणि तशी चालवत नेणं धोक्याचं. म्हणजे टोचन लावून, भर मोंढ्यातून, अनंतरावांच्या डोळ्यांसमोरून. त्यांनी एका ओळखीच्या मेकॅनिककडून हिरव्या पाण्याचा डबा आणला, टाकी भरली आणि दिवा विझला. पुन्हा काही दिवसांनी लागला, पुन्हा भरली. त्याच संध्याकाळी ओट्यावर अनंतरावांनी विचारलं, "काय माणिकप्पा, हंस काय म्हणतो?"

"कशाचं काय, सर. एक दिवा लागला न्हाई आजवर."

मी शेडमधून ते ऐकलं.

मग लातूरच्या त्या दवाखान्यातही पाणी पुरेना. डायलिसिसला पाणी फार लागतं. डॉक्टरांनी हात जोडले आणि काही दिवस नांदेडला जायला सांगितलं. नांदेडचा रस्ता लांबचा, माळावरचा, खड्ड्यांचा. अनंतराव जीप ठरवायला निघाले तेव्हा माणिकप्पांनी त्यांना अडवलं.

"जीपमंदी वैनीचे हाल होतील. माझी गाडी हाय की. थंडगार नेतो."

अनंतरावांनी विचारलं, "भरवशाची आहे ना रे? तिची डायलिसिसची पाळी चुकून चालणार नाही."

ते माणिकप्पांना 'रे' क्वचितच म्हणायचे. त्या वेळी दिव्याची गोष्ट सांगायला एवढी जागा पुरेशी होती. पण माणिकप्पा म्हणाले, "सर, माझ्यावर सोडा."

सकाळीच निघालो. अनंतराव पुढं बसले, सौदामिनीबाई मागं, पायांवर सूज, श्वास थोडा जड. टाकी भरलेली होती, पण चीर रात्रीतून वाढली होती. जळकोट मागं पडलं, चढ लागला, ऊन तापलं. मी दिवा लावला. माणिकप्पांनी खिशातली दस्ती काढली, कपाळ पुसलं आणि ती दस्ती वेगाच्या काट्यासमोर अशी टाकली की माझा दिवा तिच्याखाली गेला. अनंतरावांना काही दिसलं नाही. मी आणखी काय करणार होते? टिंग टिंग आवाज करून पाहिला.

"हे काय वाजतंय?" अनंतराव म्हणाले.

"वैनीचा पट्टा लावायचा राहिला असंल," माणिकप्पा म्हणाले.

पुढच्या वळणावर माझ्या बोनेटखालून वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडले.

भर दुपार. चहूकडे नुसता काळा माळ. फोनला रेंज नाही. लांब एका झोपडीपाशी एक बाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती. माणिकप्पा तिच्याकडे धावत गेले. तिचं नाव नीलाबाई. गावात टँकर आला होता, तिथं सकाळपासून उभं राहून तिला ही एक घागर मिळाली होती. ती माझ्याजवळ आली, आत बघितलं. घामानं निथळलेल्या, धापा टाकणाऱ्या सौदामिनीबाई तिला दिसल्या. तिनं आधी तांब्या बुडवून तो त्यांच्यापुढं धरला.

"घ्या माय, पानी प्या."

सौदामिनीबाईंनी नुसते ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला. "मला पाणी चालत नाही, बाई. अंगात साठतं."

नीलाबाई चकित झाली. "मानसाला चालत न्हाई आन गाडीला पायजे?"

इंजिन जरा निवल्यावर माणिकप्पांनी ती घागर माझ्या टाकीत रिती केली. मित्रांनो, त्या पाण्याचा शेवटचा थेंबही मी प्यायले. झोपडीच्या दारात दोन शेळ्या जिभा काढून उभ्या होत्या. नीलाबाईनं रिकामी घागर काखेत घेतली आणि पुन्हा टँकरच्या दिशेनं निघाली. टँकर अजून असेल की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं.

सौदामिनीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आपला जिल्हा झाला असता तर त्या बाईचं पाणी तरी वाचलं असतं."

आम्ही थांबत थांबत, धापा टाकत नांदेडला पोचलो तेव्हा त्यांची पाळी दुसऱ्या रुग्णाला दिलेली होती. त्यांच्या छातीत पाणी भरत चाललं होतं. अनंतराव दवाखान्यात या दारातून त्या दारात फिरत होते. शेवटी एका डॉक्टरांनी आपल्या अधिकारात एक मशीन मोकळं केलं. माणिकप्पा आत गेलेच नाहीत. माझ्या पुढच्या चाकाजवळ जमिनीवर बसून राहिले. दुकानात ज्यांच्यापुढं कुणी खुर्चीवर बसत नसे, ते माणिकप्पा. सौदामिनीबाई वाचल्या हे कळलं तेव्हा माणिकप्पांनी डोळे मिटले, पण ते उठले नाहीत.

मला वाटलं, गोष्ट इथं संपली. ती खरी ओट्यावर सुरू झाली.

दोन दिवसांनी अनंतराव ओट्यावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मंडळी, मी हरलो. अचानक पाइप फुटला, तो कुणाचाही फुटू शकतो. पण तशा उकळत्या इंजिनावर हंसवालीनं आम्हाला नांदेडला पोचवलं. आणि माणिकप्पांनी ती पोचवली. माझी ढालवाली राहू द्या बाजूला."

टाळ्या पडल्या. कुणीतरी चहा सांगितला. माणिकप्पा मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, विनय आहे.

खत-बियाण्याचे दुकानदार शेषेराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग ठरलं. लेकीसाठी मी बी हंसवालीच घेतो. लहान लेकरं घेऊन येती-जाती ती. सर म्हनतेत म्हंजे झालं."

तेव्हा माणिकप्पा उठले. मला वाटलं घरात जातील. पण ते म्हणाले, "शेषेराव, थांबा. पाइप अचानक फुटला न्हाई."

"म्हंजे?"

"दिवा लागत व्हता. लई दिवसांपासून. मी डबे वतून झाकत व्हतो. त्या दिवशी बी लागला. मी त्याच्यावर दस्ती टाकली." ते अनंतरावांकडे वळले. "सरांनी इचारलं, भरवशाची हाय ना. मी सांगितलं, माझ्यावर सोडा."

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मोठ्यानं बोलले नाहीत.

"मला सांगितलं असतंस तर वादात मी जिंकलो असतो. एवढंच झालं असतं ना, माणिकप्पा?"

आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोंढा भरलेला असताना, माणिकप्पांनी मला टोचन लावून बाजारातून नेलं. ते स्वतः माझ्या पुढं चालत होते. कुणी विचारलं तर म्हणत होते, "माझीच चूक." हैदराबादेला माझा पाइप बदलला, इंजिन उघडून बसवलं. मी बरी झाले. पण ओट्यावरची एक बैठक रिकामी राहिली. अनंतराव सौदामिनीबाईंना जीपनं नेऊ लागले. माणिकप्पा संध्याकाळी दुकान लवकर बंद करत. जेवताना घास फिरवत बसत, असं शिवकांताबाई शेजारणीला सांगत होत्या.

एक दिवस त्याच म्हणाल्या, "इथं बसून काय करायलात? जावा की त्यांच्या दारात. हाकललं तर हाकललं."

माणिकप्पा गेले. मला घेऊनच गेले. दार सौदामिनीबाईंनी उघडलं. आतल्या खोलीत अनंतराव बसलेले मला दिसत होते. ते उठले नाहीत.

"गाडी दुरुस्त झाली?" बाईंनी विचारलं.

"हाव."

"पुन्हा दिवा लागला तर?"

"पयलं तुमाला सांगीन, वैनी. सरांच्या देखत."

सौदामिनीबाईंनी आत बघितलं. मग त्या म्हणाल्या, "जीपमध्ये फार धक्के बसतात मला. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी अनंतराव मागं सौदामिनीबाईंच्या शेजारी बसले, पुढं नाही. नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्या रस्त्यावर माणिकप्पांनी नीलाबाईच्या झोपडीपाशी मला थांबवलं. डिकीत पाण्याचे कॅन भरून आणले होते, ते उतरवले. नीलाबाईनं ते घेतले. "तेव्हा पाणी मिळालं का, बाई?" असं सौदामिनीबाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, "टँकर गेला व्हता. पान्यावाचून एक शेळी मेली आमची." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं नुसतं सांगितलं. मला मात्र ते आजही सोसत नाही.

सौदामिनीबाई त्यानंतर काही वर्षं जगल्या. बहुतेक वेळा मीच त्यांना नेलं. अनंतराव हळूहळू पुन्हा ओट्यावर यायला लागले, चहा घ्यायला लागले, जिल्ह्याच्या निवेदनावर सह्याही मागायला लागले. पण मोटारींचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. कुणी काढला तर माणिकप्पा उठून मिलमध्ये जात. तो वाद, ते हसणं मी घालवलं असं मला वाटतं. माझ्या दिव्यात जोर कमी पडला, असंही वाटतं.

आता मला विकायला काढलं आहे. मागं निलंग्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. माणिकप्पांनी त्याला बसवलं आणि माझी प्रत्येक खोड सांगितली. कुठं गळते, कुठं वाजते, कोणत्या चढावर दमते. शेवटी ती दुपारही सांगितली. गिऱ्हाइकानं मान हलवली आणि ते निघून गेलं.

"अशानं कोन घेईल तिला?" शिवकांताबाई म्हणाल्या.

"न घेऊ दे," माणिकप्पा म्हणाले. "सांगून तर ठेवलं."

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, मोठी असो की लहान, तिला वेळेवर तेल-पाणी करा. तिच्या अंगावर धूळ असली तरी चालेल. पण तिनं दिवा लावला तर तो झाकू नका. शेजारी बसलेल्याला सांगा. आम्हाला दिव्याशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. तुम्हाला येतं.