दादाच्या चेहऱ्यातला पिवळा

दोष मॉनिटरचाच, असं ठरवून ती मोकळी झाली होती. व्हिडिओचे रंग सुधारणं हा तिचा धंदा. पडद्यावर माणूस विचित्र दिसला की खापर आधी यंत्रावर फोडायचं, ही त्या धंद्यातली सवय तिच्याही अंगात मुरली होती.

तिचा थोरला भाऊ सुतार. तो कॅमेऱ्यासमोर खुर्च्या-टेबलं बनवून दाखवायचा आणि ते व्हिडिओ ती आपल्या खोलीत बसून सजवायची. गेले काही भाग दादाचा चेहरा पिवळट येत होता. ती पिवळा थोडा उतरवायची, गालांवर लाली चढवायची, की दादा पुन्हा टवटवीत. दर भागात जरा जास्त हात मारावा लागत होता, एवढंच.

आज मात्र म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. तिनं पडदे ओढले, दिवा घालवला, मॉनिटर नीट तापू दिला आणि रंग मोजायचा मीटर काचेवर मधोमध टांगला. त्याच्याखाली एकेक रंग येऊन जाऊ लागला. पांढरा, करडा, लाल, हिरवा, निळा. मीटर निमूटपणे मोजत होता आणि ती जांभया देत होती.

निकाल आला. मॉनिटर अचूक होता. पिवळ्याकडे झुकल्याचं नावसुद्धा नाही.

"मग कॅमेरा बिघडलाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि ताज्या भागाचं न सुधारलेलं चित्र तिनं उघडलं. दादामागची भिंत पांढरीशुभ्र होती. हातातला कागदही पांढरा. कॅमेरा बिचारा खरं तेच सांगत होता. तिनं चित्र मोठं करत दादाच्या डोळ्यांपर्यंत नेलं. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पिवळाजर्द झाला होता.

एवढे दिवस आपण पुसत होतो ते काय होतं, हे आता तिला कळलं. तिनं लगेच वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाची तब्येत कशी आहे?"

"जेवण तुटलंय ह्यांचं. डोळे पिवळे दिसतात, डॉक्टरकडे चला म्हणून मी कधीची मागे लागलेय. तर तुझा व्हिडिओ धरला माझ्यासमोर. म्हणाले, बघ, मी कसा ठणठणीत दिसतोय! मग मीही गप्प बसले. म्हटलं, रंगातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

भीती होतीच, आता स्वतःची लाजही वाटली.

"वहिनी, तो रंग मी चढवलेला होता. खरं चित्र पाठवतेय, ते बघ. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात निघा. मी थेट तिथेच येते."

चित्र गेलं. पलीकडून वहिनीनं दादाला मारलेली हाक ऐकू आली, घाबरलेली, जवळजवळ किंकाळीच. फोन दादाच्या हातात गेला.

"अगं, हा कसला फोटो पाठवलास?" दादा हसत होता. "पार मढं दिसतोय मी! रंग नीट कर की जरा."

"नाही होत, दादा." तिला रडू फुटलं. "तुझा रंग हाच आहे."

त्याचं हसू थांबलं.

"बरं," तो म्हणाला. "शर्ट बदलतो आणि दवाखान्यात निघतो."