ओळ पूर्ण होईपर्यंत

आधीच सांगून टाकतो, मी चिडका माणूस आहे. बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिल्यावर माणूस एक तर संत होतो, नाही तर माझ्यासारखा होतो. आमच्या चारजणांच्या ऑफिसात सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून मी कामात असलो की माझ्या खुर्चीमागून कोणी जात नाही. अपवाद एकच, मुंगी. सव्वीस वर्षांची, दिसायला एवढीशी, आणि एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. आता तिची आईसुद्धा फोनवर "मुंगी आहे का?" असंच विचारते.

काम आलं होतं एका कपड्यांच्या कारखान्याचं. तिथे कापड हाताने कापणं बंद होऊन यंत्र आलं होतं. त्या यंत्राची स्वतःची एक लहानशी भाषा होती. 'पुढे ४०' लिहिलं की पातं चाळीस सेंटिमीटर पुढे जायचं, 'वळ ९०' लिहिलं की काटकोनात वळायचं. सगळी भाषा मिळून तीसेक शब्दांची. हे शब्द लिहायला एक एडिटर हवा होता, आणि तो वापरणार होते आयुष्यभर हातात कात्री धरलेले चाळीस कटर. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर हात लावला होता तो फक्त धूळ पुसायला. तीन आठवडे सराव, मग परीक्षा. जो पास होईल तो कापणीच्या हॉलमध्ये राहणार, नापास होईल त्याने मागच्या शेडमध्ये खोकी भरायची.

त्या चाळिसांत माझी थोरली बहीण होती.

ताईने तीस वर्षं कापड कापलंय. दहा थर एकावर एक ठेवून ती अशी कापायची की वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांवर ठेवला तर केसाचा फरक दिसायचा नाही. तिने मला आधीच बजावलं होतं, मी तुझी बहीण आहे हे कारखान्यात कळता कामा नये. भावाने एडिटर केला आणि बहीण पास झाली, असं कोणी म्हटलेलं मला खपणार नाही. मी म्हटलं, बरं. दर दोन-तीन दिवसांनी फोन करून विचारायचो, कसा आहे एडिटर? ती म्हणायची, चांगला आहे. मी खूश. ताईने आयुष्यात कधी कशाला वाईट म्हटलेलं नाही, हे त्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं.

एडिटर खरंच चांगला झाला होता, निदान मला तसं वाटत होतं. कारखान्यातले कॉम्प्युटर इतके जुने की आमची पहिली आवृत्ती उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन परत यायचा. मग मी एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. वरचे मेनू गेले, बटणांच्या रांगा गेल्या, रंगांच्या सतरा तऱ्हा गेल्या. शेवटी उरलं काय, तर डाव्या हाताला कोरं पान, उजव्या हाताला कापड कसं कापलं जाईल त्याचं चित्र, आणि खाली एक मोठं बटण, 'चालव'. दोन सेकंदांत उघडायचा. पण माझी खरी शान वेगळीच होती. चुकीचं अक्षर पडलं रे पडलं की त्याच्याखाली तत्काळ लाल रेघ उमटायची. एवढ्या हलक्या एडिटरमध्ये इतकं चपळ काम बसवायला मला अकरा दिवस लागले होते.

मुंगीला ती रेघ पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. तिचं म्हणणं, नवा माणूस लिहीत असताना मध्ये बोलू नये. मी म्हटलं, चूक झाल्या झाल्या सांगितली तरच माणूस शिकतो. ती म्हणाली, एकदा कारखान्यात जाऊन कोणाच्या तरी शेजारी बसून बघू या. मी म्हटलं, मला बावीस वर्षं झाली आहेत. यावर ती काही बोलली नाही. मुंगी गप्प बसली की समजावं, तिचं म्हणणं अजून जागच्या जागी आहे.

सराव सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी आमच्याकडे नोंदी यायच्या. नावं नसायची, फक्त नंबर. कोणी किती ओळी लिहिल्या, किती पुसल्या. बहुतेकांचं बरं चाललं होतं. सतरा नंबरचं मात्र विचित्र होतं. दिवसभरात ओळी सहा, आणि पुसायचं बटण दाबलेलं दोन हजार तीनशे वेळा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. ऑफिसात हसण्यावारी गेलं. मी तर म्हणालो, याला आत्ताच खोकी भरायला पाठवा, खोक्यांना पुसायचं बटण नसतं. सगळे हसले. मुंगी हसली नाही.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना भावोजींचा फोन आला. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कामाशिवाय फोन करत नाहीत आणि काम सांगत नाहीत. रविवारी येऊन जा, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, ती जेवत नाही नीट, रात्री उठून गॅस बंद आहे का बघते, एकदा नाही, तीन-तीनदा.

रविवारी गेलो. ताई खिडकीपाशी टेबलावर बसली होती. समोर भाचीचा जुना लॅपटॉप. कारखान्याने घरी सराव करायची परवानगी दिली होती. मी आत आलो तरी तिने मान वर केली नाही. फ्रिजवर, कपाटावर, औषधांच्या डब्यावर तिने चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. दूधवाल्याचा नंबर, भाचीचा वाढदिवस, शेजारणीचं नाव. शेजारीण गेली चौदा वर्षं तीच आहे.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात नंबर दिसला. सतरा.

कोणी तोंडात मारावी तसं झालं. दोन आठवडे मी ज्याच्यावर विनोद करत होतो ते माझंच माणूस होतं. स्टूल ओढून मागे बसलो आणि काही न बोलता बघत राहिलो. न बोलता बसणं मला जमत नाही, त्या दिवशी जमलं.

ताईने एका बोटाने अक्षरं शोधत 'पुढ' एवढं लिहिलं. लाल रेघ आली. तिने पुसलं. पुन्हा 'पुढ'. पुन्हा लाल. पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी नेटाने 'पुढे' लिहिलं, तर एडिटरला आता आकडा हवा होता, म्हणून रेघ तशीच. तिने सगळी ओळ पुसली. मला घोडं कुठे अडतंय ते लख्ख दिसलं. अर्धवट लिहिलेला प्रत्येक शब्द एडिटरच्या लेखी चूकच होता. भराभर लिहिणाऱ्याला ते कळतच नाही. मान वर करेपर्यंत ओळ पूर्ण झालेली असते आणि रेघ गेलेली असते. आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तर ती दिसूनही दिसत नाही. ताई एकेक अक्षर लिहून स्क्रीनकडे बघत होती.

मी विचारलं, "पुसतेस कशाला? पुढे लिही ना."

"लाल आलंय की," ती म्हणाली. "टीप चुकलेली दिसली की पुढे शिवायचं नसतं. आधी उसवायचं. नाही तर पुढचं सगळं वाकडं जातं."

कापणीच्या खुणा असोत की घरच्या शिवणाची टीप, तीस वर्षं तिने हेच केलं होतं आणि म्हणून तर तिच्या हाताची ख्याती होती. इतर बायका चुकीवरून पुढे जायच्या, ही जायची नाही. माझ्या एडिटरने तिचा सगळ्यात चांगला गुण पकडून तिच्याच विरुद्ध वापरला होता.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला काय लिहायचं ते येतं रे. पाठ आहे सगळं. पण लिहायला गेले की चुकतंच. प्रत्येक अक्षराला चुकतं. आईचं असंच सुरू झालं होतं ना? आधी रुमालाच्या घड्या चुकायला लागल्या."

आमची आई शेवटची चार वर्षं आम्हाला ओळखत नव्हती. ताईने तिचं सगळं केलं. मी पैसे पाठवायचो आणि महिन्यातून एकदा यायचो. त्या आजाराबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नव्हतो. खोकी भरायला लागतील याची भीती ताईला नव्हतीच, हे मला आत्ता कळलं.

मी म्हणालो, "ताई, तू एकही चूक केलेली नाहीस. चूक माझी आहे."

तिचा विश्वास बसला नाही. समजूत घालू नकोस, म्हणाली. माझी मलाच लाज वाटली, कारण समजूत घालणं तरी मी तिच्यासाठी कधी केलं होतं? आता बोलून भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. मी मुंगीला फोन लावला. रविवार होता, ती कुठेतरी कपडे धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, ती लाल रेघ ओळ संपेपर्यंत गप्प ठेवायची आहे, किती वेळ लागेल?

"तयार आहे, सर," मुंगी म्हणाली. "तीन आठवड्यांपासून. तुम्ही विचाराल म्हणून ठेवली होती."

एरवी अशा उत्तराने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. त्या दिवशी मी तिला धन्यवाद म्हणालो. पलीकडे पाण्याचा आवाजच बंद झाला.

दहा मिनिटांत नवी आवृत्ती ताईच्या लॅपटॉपवर आली. तिने 'पुढ' लिहिलं आणि थांबली. काहीच झालं नाही. 'पुढे'. काही नाही. 'पुढे ४०' लिहून तिने माझ्याकडे पाहिलं. मी एंटरच्या बटणाकडे बोट केलं. तिने दाबलं. बाजूच्या चित्रात कापडावर चाळीस सेंटिमीटरची सरळ रेघ उमटली.

"आता?" ती म्हणाली.

"आता काही नाही. बरोबर आहे."

तिने दुसरी ओळ लिहिली, मग तिसरी. नवव्या ओळीला आकडा राहिला तेव्हा समासात खडूसारखी एक फिकी खूण आली आणि साध्या शब्दांत लिहून आलं, 'या ओळीत किती वळायचं ते राहिलं.' "हो, राहिलंच," असं म्हणत तिने आकडा घातला. पाऊण तासात एक अख्खी बाही, खांद्याच्या गोलाईसकट, स्क्रीनवर उभी राहिली. भावोजी दारात येऊन उभे होते, ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि ताटं मांडायला लागले. ताई त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवली. जेवताना मात्र तिने मला धारेवर धरलं. पंधरा दिवस मी रोज रडत होते, म्हणाली, आणि तू तिकडे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतास. मी मान खाली घालून ऐकलं. सतरा नंबरवरचा विनोदही सांगून टाकला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

सोमवारी ऑफिसात मी सगळ्यांसमोर सांगितलं की मुंगीचं बरोबर होतं आणि माझं चूक. दुपारपर्यंत नवी आवृत्ती चाळिसांनाही गेली. संध्याकाळच्या नोंदी बघितल्या तर हळू लिहिणाऱ्या आणखी सहाजणांचं पुसणं एका दिवसात थांबलं होतं. म्हणजे ते सहाजणही कुठेतरी असेच बसले होते. त्यांच्या घरी कोणी स्टूल ओढून बसलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी दाढदुखीचं कारण सांगून ऑफिसातून निघालो आणि कारखान्याच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. निकाल दुपारीच लागणार होता. सुटी झाल्यावर माणसं घोळक्याने बाहेर आली. ताई खांद्याला पिशवी लावून सावकाश येत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

"झाले पास," जवळ येऊन ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, किती जण झाले? छत्तीस, ती म्हणाली, आणि उरलेल्या चौघांना महिनाभराने पुन्हा बसायला देणार आहेत. मग चालता चालता म्हणाली, "आज मी घाबरले नव्हतेच. त्या रविवारी तू 'चूक माझी' म्हणालास, तेव्हाच निम्मी बरी झाले. बाकीची निम्मी तुझ्या काळजीत होते. असं बोलणारा तू नाहीस, म्हटलं याचंच काही बिघडलंय की काय."

मी हसलो, पण ते हसणं नीट जमलं नसावं. ती थांबली. "काय रे?"

मग मी तिला सांगितलं, जे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी बोलता बोलता एका जुन्या मित्राचं नावच आठवेना. त्या दिवसापासून मी रोज सकाळी दाढी करताना एकोणतिसाचा पाढा म्हणून बघतो. आणि रोज अडकतो.

"कुठे अडकतोस?"

"सातला."

"एकोणतीस सत्ते?" ताई म्हणाली. "अरे, ते तुला कधीच येत नव्हतं. चौथीतही तिथेच अडकायचास. आई समोर बसून पाढे घ्यायची आणि मी तिच्या पाठीमागून तुला बोटांनी खुणा करून सांगायचे. म्हणून तर तू सुटायचास."

मला ते आठवलं. समोर आईचा चेहरा, तिच्यामागे ताईची वर केलेली बोटं, आधी दोन, मग मूठ, मग तीन. भर रस्त्यात माझे डोळे भरून आले. दोन महिने मी एकटाच घाबरत होतो, आणि विचारायला माणूस इथे होतं.

"म्हण बरं," ताई म्हणाली.

मी सुरुवात केली. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. शेजारून सायकली जात होत्या. एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत आलो आणि थांबलो.

"दोनशे तीन," ताई म्हणाली, आणि माझा दंड धरून रस्ता ओलांडायला लागली. पुढचे तीन मी चालता चालता म्हटले.